आमचं घर निळ्यात घ्या

“वयनी, यो ‘जर’ काढा,” मी म्हणालो. “माइकवर ‘जर’ ऐकू येत नाय. भोंग्यातून नुसता ‘र्र’ येतो.”

वासंती वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर भाषणाचा कागद होता. समोर ओटीवर एक नकाशा पसरलेला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवले होते. नकाशा आमच्या सोनगी गावाचा. त्यातली खालची आळी निळ्या रंगाने रंगवलेली, वरची आळी पांढरी.

“‘जर’ काढला तर वाक्याचा अर्थ बदलतो,” वहिनी म्हणाल्या.

“अर्थ कोन ऐकतो? लोक आवाज ऐकतात.”

हे मी अनुभवाने सांगत होतो. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत खाडीकाठच्या गावांत टेनिस क्रिकेटच्या जेवढ्या स्पर्धा होत, त्यातल्या निम्म्यांचं समालोचन माझं. लग्नसराईत हळदीचं निवेदन माझं. माझ्या आवाजाचा मला इतका माज होता की घरात पाणी मागतानाही मी ‘आणि रसिकहो’ म्हणत असे. वासंती वहिनी सरपंचपदाला उभ्या राहिल्या तेव्हा प्रचाराचा माइक माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. त्या माझ्या चुलतभावाच्या, गजाच्या, बायको. गजा कंपनीत पाळीवर जाई आणि घरी आला की झोपे, त्यामुळे घर, बचत गट आणि आता राजकारण वहिनीच बघत.

त्यांचा मुद्दा एकच होता, बांध. आमची भातशेती खारातली, म्हणजे खाडी अडवून केलेल्या जमिनीतली. भरती आली की खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं आणि मध्ये असतो तो फक्त मातीचा लांबलचक बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं तिथे भाताचा दाणा पिकत नाही. पूर्वी बांधाला भेग पडली की कोणीतरी थाळी बडवत गावातून फिरे आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जाई. मग लोकांना कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, थाळी बंद पडली, आणि बांध म्हाताऱ्या पोशीराम काकांच्या आणि देवाच्या भरवशावर राहिला. वहिनी अलिबागला हवामान बदलावरच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या, तिथून हा नकाशा घेऊन आल्या, आणि त्यांच्या डोक्याने घेतलं की बांध पुन्हा गावाने घालायचा आणि बांधापुढे लाटा अडवणारी तिवरं लावायची.

कागदावर त्यांनी लिहिलं होतं, ‘जर आपण बांधाची डागडुजी केली नाही आणि तिवरं राखली नाहीत, तर येत्या तीस वर्षांत उधाणाचं पाणी खालच्या आळीपर्यंत येऊ शकतं.’

मी ते कापून-छाटून केलं, ‘तीस वर्षांत सोनगी बुडणार!’

“हे खरं हाय का?” वहिनींनी विचारलं.

“अर्ध हाय.”

“मग बाकीचं अर्ध?”

“ते तुमी बोला. मी फक्त प्रस्तावना करतो.”

वहिनींनी सुस्कारा सोडला. त्यांनी तेव्हा माझ्या कानाखाली वाजवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

सभा मारुतीच्या पारावर होती. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे प्रचाराचा नारळ फोडायचीही चोरी. पण गर्दी चांगली जमली. मी माइक हातात घेतला आणि माझं मलाच आवरेना. तीस वर्षांवर मी थांबलो नाही. मी म्हणालो, “तुमच्या चुलीत बोय पोहतील! तुमच्या माळ्यावर खेकडे संसार थाटतील! या मारुतीरायाच्या शेपटीला कालवं धरतील, कालवं! रसिकहो, सोनगी पाण्याखाली जाणार म्हणजे जाणार!”

सभा चिडीचूप झाली. लहान पोरंसुद्धा गप्प. मला वाटलं, जिंकलं. मग वहिनी उठल्या आणि बांधाबद्दल, तिवरांबद्दल दहा मिनिटं नीट, समजेल असं बोलल्या. त्यातलं एक अक्षर कोणाच्या कानात शिरलं नाही. लोक अजून चुलीतल्या बोय माशांकडे बघत होते.

वहिनी बसल्यावर पहिल्या रांगेतून जनाबाई उठल्या. वय सत्तरच्या पुढे, खालच्या आळीतलं जुनं घर.

“वासंते, म्हंजे आमी बुडीतान लागलो?”

मला आधी शब्दच कळला नाही. मग कळला. जनाबाईंचं माहेर वर डोंगराकडे. तिथे धरण झालं तेव्हा त्यांच्या भावाचं घर बुडीत क्षेत्रात लागलं होतं. भावाला प्लॉट मिळाला, भाच्याला सरकारी नोकरी लागली, आणि आता ते टाइल्सच्या घरात राहून जनाबाईंना दर भाऊबीजेला टाइल्स दाखवत. आमच्याकडे लॉटरी लागावी तसं बुडीत लागतं.

“नाय जनाबाय, हे धरनाचं पानी नाय, समुद्राचं हाय,” वहिनी म्हणाल्या.

“समुद्राचं असूंदे. दाखला कवा मिलंल?”

मागून कोणी विचारलं, “झाडांचा येगला पैसा का?” दुसरा म्हणाला, “घराला पोटमाला असला तर डबल धरतात का?” आणि मग वरच्या आळीतला नामदेव घरत उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

“यो अन्याय हाय! खालची आली बुडवली, आमची आली का नाय बुडवली? वयनी, तुमी सोता खालच्या आलीच्या हान म्हनून?”

“अरे नामदेवभावजी, तुमची आली उंचावर हाय!”

“म्हंजे उंचावर घर बांदलं ही आमच्या बापाची चूक?”

सभेत टाळ्या मिळाल्या त्या नामदेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे गेलो तर ओटीवर रांग. प्रत्येकाच्या हातात सातबारा. नकाशा मध्ये पसरलेला आणि दहा माणसं त्यावर डोकी आपटत आपलं घर शोधत होती. ज्यांचं घर निळ्यात होतं ते पाहुण्यासारखे ऐसपैस बसले होते. ज्यांचं घर निळ्याच्या कडेला होतं ते हात जोडून उभे होते.

“वयनी, दोनच बोटं रंग फुडं सारा. कोनाला कलतंय?”

“आमचं घर निल्यात घ्या, वयनी. पोरीचं लगीन हाय.”

एकाने चक्क जिताडा आणला होता. आमच्या भागात जिताडा हा मासा नाही, अर्ज आहे. साहेबाकडे काम अडलं की लोक जिताडा घेऊन जातात. हातभर लांबीचा तो मासा वहिनींच्या ओटीवर शेपटी आपटत होता आणि वहिनी त्याच्याकडे बघत होत्या.

खालच्या आळीत तर कामाला जोर आला होता. लोकांनी परसात हात हात अंतरावर नारळाची रोपं लावायला घेतली. एका घरासमोर दोन नवे संडास उभे राहिले, त्यात भांडी बसवायची होती की नाही हे बांधणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आणि अकराच्या सुमाराला दामोदर शेठची रिक्षा फिरली. दामोदर ठाकूर, वहिनींच्या विरोधातला उमेदवार, जागा घेण्या-देण्याचा धंदा करणारा. त्याच्या भोंग्यातून आवाज आला, “वासंतीताई फक्त अर्ध गाव बुडवतात! दामोदर शेठ अख्खं गाव बुडवनार! वरची आली असो नाय तर खालची, भेदभाव नाय! शंभर टक्के बुडीत, दामोदर शेठचं वचन!”

वरच्या आळीने त्या रिक्षावर गुलाल उधळला. देशात कुठे कोणाला गाव बुडवायच्या आश्वासनावर गुलाल लागला असेल तर मला सांगा.

इथे एक गोष्ट कबूल करतो, कारण नाहीतर मी शहाणा ठरेन. लोकांना मी हसत होतो, पण माझ्याच भाषणाला मी स्वतः सगळ्यात जास्त भ्यालो होतो. सभेच्या रात्रीच मी मनाशी ठरवलं की खारातला वडिलांचा तुकडा विकून टाकायचा आणि पनवेलला जागा बघायची. दुसऱ्या दिवशी दामोदर शेठ पानाच्या टपरीवर भेटला तेव्हा त्याला तसं बोलूनही टाकलं. वहिनींचा माइक माझ्या हातात होता आणि त्याच तोंडाने मी शेठला म्हणालो, “निवडणूक होऊंदे, मग बसू.” बांधावर मी नऊ वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

सोमवारी पोशीराम काका आले. ते उघाडी सांभाळत. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला बंद करायचं. पंच्याहत्तरीचे काका, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पितळी थाळी. ते ओटीवर टेकले आणि म्हणाले, “उघाडीजवल भेग पडली. माझा हात खांद्यापर्यंत आत जातो.”

“किती लांब?” वहिनींनी विचारलं.

“तीस पावलं. बुधवारी सर्वपित्री. दुपारी साडेबाराला उधान. वरसातलं मोठं पानी ते. मी सकालपासून थाली बडवीत फिरलो, वासंती. एक मानूस आला नाय.”

“का?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

“बोलतात, बुडनारच हाय तर माती कशाला टाकायची? आनि दोघं-तिघं बोलले, बांद नीट घातला तर बुडीत लागंल कसं?”

भात पोटरीतून बाहेर पडून कणसांवर आलं होतं. महिन्याभरात कापणी. नव्वद-शंभर घरांचं वर्षाचं खाणं त्या खारात उभं होतं.

वहिनी उठल्या. त्यांनी नकाशावरचे चारही कांदे उचलले, नकाशाची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली.

“तीस वरसांनी काय होनार ते यो नकाशा सांगतो. बुधवारी काय होनार ते पोशाकाका सांगतात. तू काय सांगितलंस, हरेश?”

“वयनी, आता पन सांगतो की. बुधवारी बुडनार असं सांगतो. आज संध्याकालपासून रिक्षा फिरवतो, असा घाबरवतो—”

“सांग. अजून चार जन नारल लावतील.”

मी नकाशाची घडी काखेत मारली.

“मी लोकांना मरान दाखवाला उभी नवती रायली,” वहिनी म्हणाल्या. “मी बांद दाखवाला उभी रायली. मानसाला करन्यासारखं काय तरी आपल्या हातान हाय एवढंच मना सांगायचं होतं. तेवढंच तू काढून टाकलंस. तेवढंच!”

मी मान खाली घातली. मला लाज वाटली, खरीखुरी. मी तोपर्यंत बाद झालेल्या फलंदाजावर शेकडो विनोद केले होते. बाद होणं कसं लागतं ते त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने त्या शांतपणे म्हणाल्या, “उद्या दिवसभर मी गोन्या आनि पेंढा जमवते. बुधवारी सकाली सा वाजता रिक्षा बांदावर आन. दोन्ही भोंगे गावाकडं तोंड करून लाव. भाषान करायचं नाय. समोर दिसंल तेवढंच बोलायचं. त्याच्या वर एक शबुद नाय.”

बुधवारी सकाळी सहाला ओहोटी होती. खाडी लांब मागे गेली होती आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला चिखल चमकत होता. आतल्या अंगाला भात. मी रिक्षा उघाडीजवळ उभी केली. बांधावर माणसं तीन. वहिनी पदर खोचून, पोशीराम काका फावडं घेऊन, आणि रात्रपाळीहून परस्पर आलेला गजा, उभ्या उभ्या डुलक्या घेणारा. काकांनी सांगितल्याप्रमाणे भेग होती, पण त्यांनी सांगितली त्याहून वाईट दिसत होती. गोण्या भरून आत ठासायच्या, वर पेंढा, वर चिखलाची ढेकळं. तीन माणसांना चार दिवसांचं काम आणि हातात होते सहा तास.

मी माइक चालू केला. “नमस्कार. बांधावर तीन माणसं आहेत.”

बस. पुढे काय बोलणार? भोंग्यातून माझा श्वास तेवढा गावभर गेला. दिसतं तेवढंच बोलायचं होतं आणि दिसत होतं ते रडवणारं होतं. मग पोशीराम काकांनी पहिलं घमेलं उचललं, डोक्यावर घेतलं, आणि त्या वयात अशा झोकात भेगेत ओतलं की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “आणि पोशीराम पाटील! वय वर्षं पंच्याहत्तर! पहिल्याच चेंडूवर थेट सीमापार!”

वहिनींनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या. पण त्या हसल्या आणि त्यांनी दुसरं घमेलं उचललं.

मग मी सुटलो. दिसेल तेच सांगितलं, पण माझ्या पद्धतीने. “वासंती म्हात्रे, डावखुऱ्या, घमेलं नंबर सात. गजानन म्हात्रे, झोपेत खेळतायत पण खेळतायत! या क्षणाला धावफलक सांगतो, रसिकहो. खालची आळी, तीन घमेलेवाले. वरची आळी...” इथे मी थांबलो. चांगला थांबलो. “वरची आळी, शून्य. वरच्या आळीचं खातं अजून उघडलेलं नाही.”

वीस मिनिटांत नामदेव घरत बांधावरून तरातरा चालत आला. अंगात बनियन, तोंडात दातवण, खांद्यावर फावडं.

“शून्य कोन बोलला रं?”

“जो आला नव्हता तो शून्य. आता एक! नामदेव घरत यांनी वरच्या आळीचं खातं उघडलं!”

“माझ्या मागून सा जन येतात, ते पन सांग!”

“दिसले की सांगतो!”

नामदेव मागे वळून गावाच्या दिशेने असा ओरडला की भोंग्याची गरज नव्हती. सहा नाही, अकरा आले. ते बघून खालची आळी पेटली. मी घराघराचं नाव घेत होतो. कोण आलं, कोण वाटेत आहे, कोणाच्या दाराला अजून कडी आहे. कोणाला भीती घातली नाही आणि कोणाला उपदेश केला नाही. पाण्याचं नाव काढलं नाही. फक्त भेग किती भरली ते दर दहा मिनिटांनी सांगत होतो. तीस पावलांपैकी चार. तीसपैकी नऊ. माणसं ते आकडे ऐकून येत होती, हे मला दिसत होतं. भरत आलेली गोष्ट अर्धवट सोडवत नाही कोणाला.

नऊ वाजता अडचण आली ती पितरांची. सर्वपित्रीचा स्वयंपाक, वडे, खीर, आणि बारा वाजता कावळ्याला पान. बायका चुलीपाशी अडकल्या होत्या आणि पुरुषही चुळबुळ करायला लागले. तेवढ्यात जनाबाई बांधावरून हळूहळू आल्या, केळीच्या पानात झाकलेला नैवेद्य घेऊन. त्यांनी तो बांधाच्या माथ्यावर ठेवला आणि शेजारी बसकण मारली.

“जनाबाय, पान छपरावर ठेवतात ना?” कोणीतरी विचारलं.

“माझ्या सासऱ्यानं यो बांद घातला. त्याला जेवाचं असंल तर तो हतंच येल. छपरावर त्याचं काय काम?”

मी ते शब्द जसेच्या तसे भोंग्यातून गावात पाठवले. अर्ध्या तासात बांधावर पानांची रांग लागली आणि पानांबरोबर बायका आल्या. बायका आल्यावर कामाला काय वेग आला ते सांगत नाही, पुरुषांना वाईट वाटेल. सव्वाशे माणसांची साखळी झाली. गोण्या हातोहात जात होत्या. तीसपैकी एकवीस. तीसपैकी सव्वीस. खाडीचं पाणी परतलं होतं आणि तिवरांच्या मुळ्या एकेक करून बुडत होत्या.

साडेअकराला मी घसा खरवडून म्हणालो, “रसिकहो, दामोदर शेठचं घर आणि परगावी गेलेली घरं सोडली, तर सोनगीतल्या प्रत्येक घरातून माणूस आलं आहे! प्रत्येक घरातून!”

वहिनी चिखलाने माखलेल्या हाताने रिक्षाजवळ आल्या आणि त्यांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला.

“एक घर रायलंय,” त्या भोंग्यात म्हणाल्या. “म्हात्रे, हरेश्वर पांडुरंग. या घरातून अजून कोनी आलेलं नाय.”

सगळा बांध हसला. अंगाला चिखल लागलेली सव्वाशे माणसं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी रिक्षात बसलो होतो इस्त्रीच्या पॅन्टमध्ये. नामदेव ओरडला, “खातं उघड रं!” मी उतरलो. चप्पल काढली. पाय घातला तो मांडीपर्यंत आत गेला. कोणीतरी माझ्या डोक्यावर घमेलं ठेवलं. ते इतकं जड असतं हे मी विसरलो होतो. माझ्या समोरच बांधाच्या आत आमचा तुकडा होता, कणसं वाकलेली. तिथे उभं राहून वडील मला हाक मारत आणि मी पोरांबरोबर बॅट घेऊन पळे. मी घमेलं भेगेत ओतलं आणि दुसऱ्यासाठी वळलो. रडू आलं ते घामात खपून गेलं.

साडेबाराला उधाण आलं. पाणी बांधाला लागलं, चढलं, अजून चढलं. माथ्यापासून वीतभर खाली येऊन हेलकावे खाऊ लागलं. एका बाजूला आमच्या छातीएवढा समुद्र, दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी खाली भात. नव्या मातीतून एका जागी पाणी झिरपलं. काकांनी हाताने पेंढा कोंबला आणि त्यावर स्वतः बसले. त्यांच्या शेजारी नामदेव बसला, मग गजा, मग मी. पाठीला पाण्याचा गारवा लागत होता. पाऊण तास आम्ही भेगेवर ओळीने बसून होतो. मग काका म्हणाले, “फिरलं.” पाणी बोटभर उतरलं होतं. जनाबाईंच्या पानावर कावळा बसला, त्याने वडा उचलला, आणि बांधावर असा आरडाओरडा झाला की तो वडा टाकून उडाला.

रविवारी मतदान झालं. वासंती वहिनी तेवीस मतांनी पडल्या.

हो, पडल्या. ज्या हातांनी बुधवारी बांध घातला त्याच हातांनी रविवारी अख्खं गाव बुडवायच्या बाजूने बटण दाबलं. मी तणतणत वहिनींकडे गेलो. त्या ओटीवर बसून तिवरांच्या शेंगा निवडत होत्या, रुजतील त्या एका टोपलीत, किडक्या दुसऱ्या.

“एक मानूस नाय लाजला, वयनी! बांद पन घातला आनि बुडीताला मत पन दिलं!”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पंचायतीच्या मीटिंगा टलल्या. यंदा शेंगा लावाला वेल मिलंल. तू बस, हे निवड.”

मी निवडायला बसलो. त्या खरंच उदास नव्हत्या. मला मात्र चार दिवस जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी नवे सरपंच माझ्या ओटीवर आले. दामोदर शेठ, पांढरे कपडे, कपाळाला अजून गुलाल. चहा झाला. मग ते म्हणाले, “हरेश, तुझ्या त्या तुकड्याचं काय ते पक्कं करून टाकू. आजच.”

“शेठ, तुमी तर अख्खं गाव बुडवनार. बुडनारी जमीन घेऊन तुमी काय करनार?”

शेठने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा घरात पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

“बुडतंय कशाचं!” ते हळू आवाजात म्हणाले. “मी बुधवारी लांबून बगत होतो ना. त्या भेगेवर मानसा वलीनं बसली होती. मी दुसऱ्याच दिवशी अजून तिघांच्या जमिनीचं बोलून ठेवलं.”

“मग हे लोकांना का नाय सांगत?”

“ते तुझ्या वयनीचं काम. ती सांगते बरं.”

“आनि बुडनार नाय, तर मी कशाला विकू?”

दामोदर शेठने कप बशीत ठेवला आणि ते सरळच बोलले.

“म्हनूनच तर घाईनं आलो, हरेश. तुझ्या ध्यानात यायच्या आदी.”